रक्तदाबाची गोळी, एसीई विकर आणि फुफ्फुसाचा कर्करोग : जनुकांची साक्ष किती धरायची?

कर्वेनगरकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून गेली नऊ वर्षे रक्तदाबासाठी रॅमिप्रिल घेत आहेत. चाळिशीपर्यंत ते दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढत असत, नंतर त्यांनी ती सवय पूर्ण सोडली. मागच्या महिन्यात तळजाईला फिरायला येणाऱ्या त्यांच्या मंडळींपैकी कोणीतरी 'ही गोळी घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग होतो' असा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तेव्हापासून वडील रोज सकाळी गोळी तोंडात टाकण्यापूर्वी एकदा माझ्याकडे पाहतात. त्यांना काही दिवसांपासून कोरडा खोकला आहे, त्यामुळे त्या पाहण्याला अधिकच धार आली आहे.

मी संख्याशास्त्राचा पदवीधर आहे आणि विमा क्षेत्रात काम करतो. जीवशास्त्राशी संबंध बारावीनंतर सुटला. तरीही मूळ संशोधन शोधून वाचले. ते २०१८ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवरून, १९९५ ते २०१५ या काळात रक्तदाबाचे औषध नव्याने सुरू झालेल्या ९,९२,०६१ लोकांचा त्यात मागोवा घेतला आहे. एसीई विकराला, म्हणजे अँजिओटेन्सिनचे रूपांतर घडवणाऱ्या एन्झाइमला, अडवणारी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल यांसारखी औषधे घेणाऱ्यांमध्ये, लोसार्टन-टेल्मिसार्टन या 'सार्टन' गटातील औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १४ टक्क्यांनी अधिक आढळले. औषध दहा वर्षांहून अधिक काळ चालू असलेल्यांत ३१ टक्क्यांनी. मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. कच्चे प्रमाण दर हजार व्यक्तिवर्षांमागे १.६ आणि १.२ असे आहे, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने अधिक. वय, धूम्रपान, इतर आजार यांचा हिशेब केल्यावर ते १४ टक्क्यांवर येते. निम्म्याहून अधिक फरक वजावटीत गेला असेल, तर उरलेला फरकही आपल्याला वजा करता न आलेल्या गोष्टींचाच नसेल कशावरून?

त्यानंतर २०२२ साली 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आलेला दुसरा अभ्यास वाचला. त्यात एकाही रुग्णाला गोळी दिलेली नाही. एसीई विकराच्या जनुकातील भेद आणि कर्करोग यांची सांगड घालून लेखकांनी असे म्हटले आहे की, फुफ्फुस, स्तन आणि पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) यांच्या कर्करोगांशी दुवा असल्याचा फारसा पुरावा नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी मात्र तो दिसतो. इथे माझी मती गुंग झाली. जन्मतः मिळालेले जनुक, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी सुरू केलेल्या गोळीबद्दल साक्ष कशी देऊ शकते?

जाता जाता एक कबुलीही देतो. हे आकडे आंतरजालावर फुकट उपलब्ध असतात हे कळल्यावर राहवले नाही. रक्तातील वीस विकरांच्या पातळ्या आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांची गणिते दोन रविवार बसून केली. त्यांपैकी एका विकराचे पी-मूल्य, म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली आले आहे. त्याचे काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

सूक्ष्मदर्शक (प्रतिसाद)

कर्वेनगरकर, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाकडे नंतर येतो. वीस तपासण्यांत एक ०.०५ च्या खाली येणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, हे संख्याशास्त्राच्या पदवीधराला मी सांगायला नको.

आधी मुख्य प्रश्न. या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. तिचे बीज १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मार्टिन काटान या डच संशोधकाच्या एका छोट्या पत्रात आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी असणाऱ्यांत कर्करोग अधिक आढळतो, असे त्या काळी काही अभ्यासांतून दिसत होते. कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो, की शरीरात दडून बसलेल्या कर्करोगामुळे कोलेस्टेरॉल उतरते, हा पेच होता. काटान यांनी सुचवले की, कोलेस्टेरॉलची पातळी ज्यावर अंशतः ठरते त्या एपीओई जनुकाचे प्रकार मोजावेत. कर्करोग कोलेस्टेरॉल उतरवू शकेल, परंतु जन्माच्या आधीच ठरलेले जनुक तो बदलू शकणार नाही. कमी कोलेस्टेरॉल खरोखरच दोषी असेल, तर ते कमी ठेवणारा जनुकप्रकार कर्करोगाच्या रुग्णांत अधिक सापडला पाहिजे. या कल्पनेला पद्धतशीर रूप जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांच्या २००३ सालच्या लेखाने दिले.

आई-वडिलांकडून जनुकाची कोणती प्रत मिळावी, हे गर्भधारणेच्या वेळी सोडतीसारखे ठरते. ही सोडत तुमचे उत्पन्न, तुमच्या घरातली चूल किंवा तुमच्या खिशातली सिगारेट पाहून निघत नाही. म्हणून एखादे विकर जन्मभर थोडे कमी असणारे आणि थोडे अधिक असणारे असे दोन गट निसर्गानेच पाडून ठेवले आहेत, असे मानता येते. ज्या गोष्टी तुमच्या त्या १४ टक्क्यांत लपलेल्या असण्याची शक्यता आहे, त्या या दोन गटांत साधारण सारख्याच वाटल्या गेलेल्या असतात.

हे परके शास्त्र आहे असे समजू नका, ते पुण्यातही वापरले गेले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू केलेला मातापोषणाचा अभ्यास सर्वश्रुत आहे. त्या मातांची आणि म्हैसूर येथील मातांची माहिती एकत्र करून २०१४ साली जे काम प्रसिद्ध झाले, त्यात एमटीएचएफआर या विकराच्या जनुकातील भेद वापरला होता. हे विकर मंद असले की रक्तातील होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढते. ज्या मातांकडे हा मंद प्रकार होता त्यांची बाळे, बाळाचा स्वतःचा जनुकप्रकार हिशेबात धरूनही, वजनाने कमी निघाली. गरिबी, आहार, कष्ट या सगळ्यांच्या गुंत्यातून होमोसिस्टीनचा धागा वेगळा काढण्याचा तो प्रयत्न होता.

आता एसीई. या विकराचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात डीएनएच्या २८७ अक्षरांचा एक तुकडा काही प्रतींत असतो, काहींत नसतो. फ्रान्समधील संशोधकांनी १९९० साली दाखवून दिले की, निरोगी माणसांच्या रक्तातील या विकराच्या पातळीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा या एका तुकड्याच्या असण्या-नसण्याने समजावता येतो. जनुकीय अभ्यासात एवढे ठसठशीत साधन क्वचितच हाती लागते. शिवाय हा भेद त्या विकराच्या स्वतःच्याच जनुकात आहे, त्यामुळे तो मध्येच दुसऱ्या वाटेने जाऊन परिणाम घडवण्याची शक्यता तुलनेने कमी. पुढचे गणित भागाकाराचे. समजा, एका भेदामुळे विकराची पातळी ०.५ एककांनी वाढते आणि त्याच भेदामुळे कर्करोगाच्या शक्यतेचा लॉगरिदम ०.०१ ने वाढतो, तर विकराच्या एका एककामागे ०.०२ असा परिणाम निघतो. पहिला आकडा एका लोकसमूहातून घ्यायचा, दुसरा दुसऱ्या. पहिल्यासाठी आइसलँडमधील ३५,५५९ लोकांच्या रक्तातील प्रथिनांच्या मोजणीसारखे स्रोत आहेत. दुसऱ्यासाठी फुफ्फुसाच्या कर्करोगाचे २९,२६६ रुग्ण आणि ५६,४५० निरोगी माणसे यांची तुलना करणारा २०१७ सालचा अभ्यास आहे. तुम्ही बहुधा हेच उतरवून घेतले असणार.

मात्र हा सगळा डोलारा तीन गृहीतकांवर उभा आहे. भेदाचा विकराशी खरोखर घट्ट संबंध हवा. भेद आणि रोग या दोहोंवर परिणाम करणारे सामायिक कारण नको. आणि भेदाचा रोगावर जो काही परिणाम होतो तो त्या विकरामार्फतच व्हायला हवा. पहिले गृहीतक तपासता येते. दुसरे बरेचसे निभावते, मात्र निरनिराळ्या वंशगटांची माहिती एकत्र मिसळली की तेही डळमळते. तिसरे कधीच पूर्ण सिद्ध करता येत नाही, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगात नेमकी तिथेच ठेच लागते. २००८ साली तीन स्वतंत्र गटांना १५ व्या गुणसूत्रावर फुफ्फुसाच्या कर्करोगाशी निगडित एकच जागा सापडली. तिथल्या भेदाच्या प्रत्येक प्रतीमागे शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढत होती. ती जागा निघाली निकोटिन ज्याला चिकटते त्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकांची. हा भेद फुफ्फुसात थेट काही करतो, की माणसाला अधिक सिगारेटी ओढायला लावून मागच्या दाराने कर्करोगापर्यंत पोचतो, यावर त्या तीन गटांतच मतभेद होते. म्हणून विकर कोणतेही असो, त्याच्या भेदाचा धूम्रपानाशी संबंध आहे का, हे आधी पाहावे आणि मगच पुढे जावे.

श्वासोच्छ्वास (प्रतिसाद)

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. वरील विवेचन चोख आहे. फक्त रुग्णाच्या बाजूने काही भर घालतो.

सर्वात आधी, वडिलांना गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका. तुम्हीच दिलेल्या आकड्यांनुसार फरक दर हजार लोकांमागे वर्षाला अर्ध्या रुग्णापेक्षाही कमी आहे, तोही कच्चा. अचानक बंद केलेल्या औषधामुळे वाढणारा रक्तदाब मात्र पक्षाघात आणि हृदयविकार यांना आमंत्रण देतो, आणि त्याबद्दल कोणालाही शंका नाही.

हा संशय हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवे. एसीई विकर अँजिओटेन्सिनवर काम करते, तसेच ब्रॅडिकिनिन आणि सबस्टन्स-पी या रेणूंचे विघटनही करते. विकर अडवले की हे रेणू फुफ्फुसात साठतात. कोरडा खोकला बहुतांशी त्यामुळेच येतो. हे रेणू पेशींच्या वाढीला चालना देऊ शकतात, असे प्रयोगशाळेतील कामावरून दिसते, म्हणून शंकेला जागा आहे.

मात्र तोच खोकला मोजमापालाही फसवतो. खोकणारा माणूस डॉक्टरकडे जातो, डॉक्टर एक्स-रे काढतो, शंका आली तर सीटी स्कॅन होतो, आणि एरवी आणखी दोन वर्षांनी लक्षात आली असती अशी गाठ आज सापडते. सार्टन गटाच्या गोळीने असा खोकला सहसा येत नाही, त्यामुळे त्या गटाकडे इतके बारकाईने कोणी पाहत नाही. कर्करोग दोन्हीकडे सारखाच असला तरी नोंदवहीत एका बाजूला अधिक दिसेल. जनुकीय पद्धतीचे मला पटलेले बलस्थान इथे आहे: तो २८७ अक्षरांचा तुकडा अंगात आहे म्हणून कोणी एक्स-रे काढायला जात नाही.

दुसरे, त्या ब्रिटिश अभ्यासात लोकांचा मागोवा सरासरी ६.४ वर्षे घेतला गेला. तंबाखूचा धूर फुफ्फुसात शिरू लागल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत सहसा काही दशके जातात. सहा वर्षांत नवा कर्करोग मुळापासून तयार होणे अवघड. आधीच रुजलेल्या गाठीला खतपाणी मिळणे मात्र शक्य आहे.

आता जनुकीय पुराव्याच्या मर्यादा. गोळीमुळे रक्तदाब काही मिलीमीटरांपासून दहा मिलीमीटरांपर्यंत उतरतो. जनुकातील एखाद्या भेदाने तो एका मिलीमीटरनेही हलत नाही. एकीकडे जन्मभराची हलकीशी घट, दुसरीकडे उतारवयात केलेली जोरदार अडवणूक. दोन्हींचा परिणाम एकाच सरळ रेषेवर पडेल, हे आपण सोयीसाठी मानून चालतो.

आणखी एक बारकावा आहे, तो फार जण लक्षात घेत नाहीत. एसीई विकर मुळात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर रोवलेले असते आणि फुफ्फुसातील केशवाहिन्यांत ते विपुल असते. रक्ताच्या नमुन्यात आपण मोजतो ते तिथून सुटून आलेले विकर. एका दुर्मीळ कौटुंबिक भेदात हे विकर अस्तरावरून इतके सहज सुटते की रक्तातील पातळी पाचपट होते, तरीही त्या माणसांचा रक्तदाब सामान्य असतो आणि त्यांना कसलाही आजार नसतो. याचाच अर्थ, रक्तातले विकर अधिक म्हणून ऊतीतले कामही अधिक, असे समीकरण मांडता येत नाही. सामान्य लोकांतला तो तुकडाही रक्तातील पातळी भरपूर बदलतो, रक्तदाब मात्र फारच थोडा. म्हणूनच तुम्ही वाचलेल्या २०२२ च्या अभ्यासात नुसत्या विकराच्या पातळीवर न विसंबता, रक्तदाबातील घट हे माप धरले होते. मला ती निवड रास्त वाटते.

जुनी_प्रयोगशाळा (प्रतिसाद)

पाषाण परिसरातल्या एका प्रयोगशाळेत विकरांसोबतच माझी नोकरी संपली, म्हणून थोडा जुना हिशेब मांडतो. नव्या मंडळींना वाटते की जनुके, विकरे आणि फुफ्फुसाचा कर्करोग ही सांगड आत्ता घातली गेली. तसे नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सीवायपी१ए१ आणि जीएसटीएम१ या दोन विकरांच्या जनुकांवर निबंधांचा अक्षरशः पाऊस पडला. कल्पना फार सुंदर होती. धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये शरीरात शिरताना तितकीशी घातक नसतात. पहिले विकर त्यांना तिखट बनवते, दुसरे विकर त्यांना बांधून बाहेर टाकते. तेव्हा ज्याच्याकडे पहिले चपळ आणि दुसरे गैरहजर, त्याला कर्करोग अधिक व्हायला हवा. जीएसटीएम१ चे अख्खे जनुकच युरोपातील सुमारे निम्म्या लोकांत नसते, त्यामुळे मोजायलाही सोपे. शे-दोनशे रुग्ण, तितकेच निरोगी लोक, एक जनुक, एक निबंध. एकात दुवा दिसे, पुढच्यात नाहीसा होई. नंतर हजारो रुग्णांचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले, तेव्हा ठळकपणे वर आल्या त्या निराळ्याच जागा: १५ व्या गुणसूत्रावरचे निकोटिनचे ग्राही, ५ व्या गुणसूत्रावरचा टर्ट. हा टर्ट म्हणजे गुणसूत्रांची टोके राखणाऱ्या टेलोमरेज विकराचा घटक, म्हणजे विकर मिळाले, पण आम्ही ज्याच्या मागे होतो ते नव्हे. आमची कल्पना चूक होती असे आजही मी म्हणणार नाही. परिणाम इतका लहान होता की आमच्या तागडीत तो मावत नव्हता.

एका विकराची कथा मात्र या चाळणीतून टिकली, आणि कर्वेनगरकरांनी ती समजून घ्यावी असे मला वाटते. सीवायपी२ए६ हे यकृतातील विकर शरीरातील निकोटिनपैकी सुमारे ७० ते ८० टक्क्यांचे कोटिनिनमध्ये रूपांतर करते. ज्यांच्यात ते मंद असते, त्यांच्या रक्तात एका सिगारेटीचे निकोटिन अधिक काळ रेंगाळते, त्यामुळे दुसरीची तलफ उशिरा लागते. जपानी लोकांत हे जनुक पूर्णपणे गळालेला प्रकार बराच आढळतो, आणि तिथल्या धूम्रपान करणाऱ्यांत, ज्यांच्या दोन्ही प्रती गळालेल्या होत्या त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी झाल्याचे दिसले. इथवर सरळ आहे. परंतु हेच विकर तंबाखूतील एनएनके या कर्करोगजनक द्रव्यालाही तिखट बनवते. मग मंद विकरवाल्याला कर्करोग कमी का झाला? तो कमी ओढतो म्हणून, की ओढलेला धूर त्याच्या शरीरात कमी विषारी होतो म्हणून? दोन्ही वाटा एकाच विकरातून जातात. सूक्ष्मदर्शक यांचे तिसरे गृहीतक इथे मोडलेलेही नाही, तरी विकराला अडवणारे औषध सिगारेट न ओढणाऱ्याला द्यावे का, याचे उत्तर आकड्यांतून मिळत नाही. ते मिळवायला सिगारेटींची संख्या, कोटिनिन, लघवीतील एनएनकेचे अवशेष, असे सगळे वेगळे मोजावे लागते. संगणकापुढे बसून हे व्हायचे नाही, त्याला रुग्णाच्या लघवीची बाटली लागते.

आता आणखी एक कडू गोष्ट. फुकट मिळणारे आकडे आणि तयार आज्ञावली यांमुळे अलीकडे या पद्धतीच्या निबंधांचे पेव फुटले आहे. कोणतेही एक प्रथिन घ्या, कोणताही एक रोग घ्या, कळ दाबा, आलेख चिकटवा. काही नियतकालिकांनी अशा निबंधांपुढे दारे अर्धी लोटून घेतली आहेत, आणि ते योग्यच झाले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसे तुमच्या त्या विसाव्या विकराचे झालेले असू शकते. निदान पी-मूल्याला वीसने गुणून पाहा, मग ते कुठे उभे राहते ते कळेल.

मिश्री_नको (प्रतिसाद)

मध्येच एक शंका विचारते. हे सगळे आकडे युरोपीय लोकांचे आहेत. आमच्या खेडच्या बाजूच्या गावात आजीच्या पिढीतील बायका मिश्री लावत, पुरुष विडी ओढत आणि सगळ्यांचे आयुष्य चुलीच्या धुरात जाई. आइसलँडमधील रक्तावरून त्यांच्याबद्दल काय सांगता येणार?

सूक्ष्मदर्शक (प्रतिसाद)

मिश्री_नको, शंका अगदी रास्त आहे आणि तिची दोन अंगे आहेत.

एक, जनुकांचे. यंत्राने वाचलेला भेद बहुधा खऱ्या कारणीभूत भेदाचा शेजारी असतो, आणि शेजार लोकसमूहागणिक बदलतो. युरोपात जो शेजारी खऱ्या आरोपीच्या घराला लागून असतो, तो आपल्याकडे चार गल्ल्या पलीकडे असू शकतो. काही भेद तर एखाद्या प्रदेशापुरतेच असतात: मद्यातून तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइडचा निचरा करणारे एएलडीएच२ हे विकर निकामी करणारा भेद पूर्व आशियात सर्रास आढळतो, तिथे त्यावरून मद्य आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांबद्दल पुष्कळ शिकता आले, आपल्याकडे तो जवळजवळ नाही, म्हणून ते साधन आपल्या हाती नाही. जीनोम इंडिया प्रकल्पातील १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली झाली. त्यातून आपल्याकडचा 'शेजार' कळेल. परंतु विकरांच्या पातळ्या आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचे हजारो रुग्ण, हे दोन्ही एकाच समाजातून मोजल्याखेरीज भागाकारातले वरचे आणि खालचे आकडे जुळत नाहीत.

दुसरे अंग धुराचे. धुरातील द्रव्यांवर काम करणाऱ्या विकराचा परिणाम धूर असेल तरच दिसतो. गोवऱ्या आणि लाकडे यांचा धूर, विडीचा धूर आणि सिगारेटचा धूर यांतील मिश्रणे सारखी नाहीत. मिश्रीत तर जाळलेला तंबाखू दात-हिरड्यांना चोळला जातो, त्याचा मार्गच निराळा. त्यामुळे युरोपीय सिगारेटवाल्यांत मोजलेला सीवायपी२ए६ चा परिणाम तुमच्या आजीला लावणे म्हणजे वडाची साल पिंपळाला.

केवळ धूम्रपान न करणाऱ्यांची माहिती वेगळी काढून गणित करावे, असे कोणी सुचवील. मोह होतो, पण जपून. ज्या गोष्टीवर जनुकांचाही प्रभाव आहे तिच्यावरून माणसे निवडली, की सोडतीने केलेली समान वाटणी बिघडते आणि नसलेले संबंध दिसू लागतात.

कर्वेनगरकर (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी परत लिहितो आहे, कारण मधल्या काळात दोन्ही कामे झाली.

वडिलांना फॅमिली डॉक्टरांकडे नेले. त्यांनी खोकल्यामुळे रॅमिप्रिल बदलून टेल्मिसार्टन दिले. कर्करोगाचा विषय वडिलांनीच काढला, तेव्हा त्यांनी श्वासोच्छ्वास यांच्यासारखेच उत्तर दिले आणि जुन्या सिगारेटींचा विचार करून छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. एक्स-रे निर्दोष आहे. तो हातात घेऊन परत येताना मला जाणवले की आमचे वडीलही त्या ब्रिटिश नोंदवहीतल्या माणसासारखेच वागले: गोळी, खोकला, डॉक्टर, एक्स-रे. एखादी निरुपद्रवी गाठ सापडली असती, तर तीही रॅमिप्रिलच्या खात्यावर जमा झाली असती. खोकला अजून पूर्ण गेलेला नाही, मात्र कमी झाला आहे.

आता माझे विसावे विकर. वीसने गुणल्यावर पी-मूल्य अर्ध्याच्या वर गेले. तरी हट्टाने आणखी दोन गोष्टी तपासल्या. वापरलेल्या सहा भेदांपैकी चार विकराच्या स्वतःच्या जनुकात नव्हतेच, इतर गुणसूत्रांवरचे होते; त्यांपैकी एकाचा दिवसाला ओढलेल्या सिगारेटींच्या संख्येशी स्पष्ट संबंध निघाला. ते चार काढून टाकल्यावर परिणाम जवळजवळ शून्यावर आला आणि विश्वास-मर्यादा (खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असावा अशा सीमा) इतक्या रुंदावल्या की लहानसा धोका आणि लहानसे संरक्षण, दोन्ही त्यांत बसतात. म्हणजे 'संबंध नाही' असेही मला म्हणता येत नाही, 'या आकड्यांतून कळत नाही' एवढेच म्हणता येते. २०२२ च्या अभ्यासातले 'फारसा पुरावा नाही' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते अंग काढून घेणे वाटले होते. आता ते मोजूनमापून लिहिलेले वाटतात.

हे सगळे इथे कुठे लिहून ठेवण्यासारखे आहे का, की फाइल पुसून टाकू?

जुनी_प्रयोगशाळा (प्रतिसाद)

पुसू नका. आमच्या काळी जी जनुके निष्फळ निघाली त्यांच्या वह्या कपाटात राहिल्या आणि दुवा दिसलेल्या तेवढ्या छापल्या गेल्या, म्हणून तर तो गोंधळ इतकी वर्षे चालला. विसाही विकरांची नावे, प्रत्येकासाठी वापरलेले भेद, परिणाम आणि मर्यादा असा तक्ता इथे टाका. ज्याच्यात काही सापडले नाही अशा एकोणीसांची माहिती मला त्या विसाव्यापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

कर्वेनगरकर (प्रतिसाद)

रविवारी टाकतो. त्यातल्या तीन विकरांची मराठी नावे मला सापडलेली नाहीत, ती तशीच ठेवतो.